आत्याचे दात आणि ९९.९ टक्के

कवळी धुवायच्या गोळ्यांच्या पाकिटावर हमखास एक आकडा असतो, ९९.९ टक्के जंतू मारते, आणि एखादी कंपनी त्याच्यापुढं अजून एक नऊ चिकटवते. आपण पोराला शंभरात नव्व्याण्णव पडले तरी पेढे वाटणारी माणसं, त्यामुळं हा आकडा बघितला की पुढचं काही विचारायचं सुचतच नाही. पण जंतूंच्या बाबतीत टक्क्यांचा हिशोब फसवा असतो. समजा कवळीवर एक कोटी जंतू आहेत आणि त्यातले ९९.९ टक्के मेले, तर उरले दहा हजार. आता हे दहा हजार काय हातावर हात ठेवून बसत नाहीत, एकाचे दोन, दोनाचे चार असं चालू होतं, दहा वेळा दुप्पट झाले की झाले हजारपट, म्हणजे परत एक कोटी. तोंडात ऊब आहे, ओल आहे, दर दोन तासांनी चहा-बिस्किट वरनं येतंय, जंतूला अजून काय पाहिजे.

आणि तो आकडा येतो कुठनं, तर बहुतेक करून लॅबमधनं. तिथं ठरलेले जंतू घेतात, ठरलेल्या पाण्यात गोळी टाकतात, घड्याळ लावून मोजतात. त्यात खोटं काही नाही, पण पाण्यात सुटे फिरणारे जंतू मारणं सोपं असतं. कवळीवर ते सुटे नसतातच. तिथं त्यांचा थर असतो, बायोफिल्म म्हणतात त्याला, कृष्णेच्या घाटाच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं ना तसा, वरनं कितीही पाणी ओता, हाताला बुळबुळीत लागतं ते लागतंच. त्या थरात बॅक्टेरिया असतात, कॅन्डिडा नावाची बुरशी असते, आणि त्यांनीच तयार केलेला चिकट गोंद असतो जो औषधाला आतपर्यंत पोचू देत नाही. वरचे मरतात, तळातले टिकतात. शिवाय मेलेला थर जागेवरच राहिला तर नवीन जंतूंना बसायला आयती जागा.

हे सगळं मला वाचायला लागलं आत्यामुळं. आत्या मूळची तासगावची, आता आमच्याकडं सांगलीत विश्रामबागला असते. तिचे खालचे पुढचे दात अजून तिचे स्वतःचे आहेत, मागचे दोन्हीकडचे गेलेत, तिथं काढ-घाल करायची अर्धी कवळी आहे, डेंटल कॉलेजात पोरांनी चांगली मन लावून करून दिलेली. डॉक्टर लोक तिला आरपीडी म्हणतात, आत्या तारेचे दात म्हणते कारण दोन्हीकडं एकेक तार तिच्या खऱ्या दाताला मिठी मारून बसते. आता आत्याचं खाणं म्हणजे भडंग, शेंगदाण्याची चटणी, हळदीचं दूध, आणि चोरून मिशरी (चोरून म्हणजे आम्हाला सगळ्यांना माहीत आहे). या सगळ्याचा जमाखर्च त्या कवळीवर लिहिलेला असतो.

एकदा ती कवळी हातात घेऊन ट्यूबखाली नीट बघितली. बाहेरनं दात चकचकीत, गुलाबी भाग पण बरा, म्हणजे तोंडात घातल्यावर जेवढं दिसतं तेवढं छान. उलटी केली आणि मग सगळं कळलं. हिरडीवर बसणारी आतली बाजू गुळगुळीत नसतेच मुळी, ती हिरडीच्या मापानं खडबडीत असते, तिथं हळदीचा पिवळा अंश बसलेला. तारेच्या आतल्या बाजूला, जिथं ती दाताला टेकते तिथं, एक बारीक पांढरट-पिवळी रेघ. टाचणीनं जरा खरवडलं तर चिकट गोळा निघाला आणि त्यात शेंगदाण्याचं लाल टरफल. तार जिथं गुलाबी प्लास्टिकमध्ये घुसते त्या सांध्यात मिशरीचा काळा ठिपका. वासाचं तर विचारूच नका.

मग गोळी आणली. मिरजेत मेडिकलला काय तोटा नाही, पण कवळीच्या गोळ्या विचारल्या की दुकानातला पोरगा आधी आपल्या तोंडाकडं बघतो. असो. तर ग्लासात कोमट पाणी, त्यात कवळी, वरनं गोळी. फसफसायला लागली. आत्या खुर्ची ओढून शेजारी बसली.

ते फसफसणं म्हणजे नुसता देखावा नाही. गोळीत खायचा सोडा आणि सायट्रिक ऍसिड असतं, पाणी लागलं की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे, सोडा वॉटरचंच तत्त्व. खरं काम करणारी मंडळी वेगळी, सोडियम परबोरेट किंवा परकार्बोनेट, जे पाण्यात हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतात, आणि पोटॅशियम मोनोपरसल्फेट. हे सगळे ऑक्सिजनच्या जोरावर डाग उडवतात आणि जंतूंच्या पेशी फोडतात. काही गोळ्यांत टीएईडी नावाचं रसायन असतं, त्यामुळं कमी गरम पाण्यातपण पेरॉक्साइडला जोर येतो. थोडा साबणासारखा पदार्थ, काही गोळ्यांत प्रथिनं तोडणारं एन्झाइम, पेपरमिंटचा वास आणि निळा-हिरवा रंग. बुडबुडे सैल झालेले कण वर उचलतात, पण ते आधीच सैल असतील तर. घट्ट बसलेल्याला बुडबुडा काही करत नाही.

आत्याच्या कवळीचं पण तसंच झालं. हळदीचा पिवळेपणा चांगला उतरला, वास तर एकदम गेला, ती स्वतः दोनदा हुंगून म्हणाली, "आता कसं पेपरमिटागत येतंय बग." पण तारेच्या आतली रेघ होती तिथंच. सांध्यातला काळा ठिपका जरा फिका झाला एवढंच. म्हणजे पाकिटावर लिहिलेलं खोटं नाही, गोळी जिथं पोचते तिथं मारते, प्रश्न पोचण्याचा आहे, आणि अर्ध्या कवळीत न पोचण्याच्या जागा पूर्ण कवळीपेक्षा जास्त, तारा, सांधे, कडा, कानेकोपरे.

अभ्यास काय म्हणतात ते पण बघितलं, कारण मला कुणी नुसतं 'चांगलं असतं' म्हणलं की पटत नाही. २००९ मध्ये कॉक्रेनवाल्यांनी (उपचारांवरचे जगभरातले अभ्यास गोळा करून तपासणारी ही संस्था) कवळी साफ करायच्या पद्धतींवरचे नीट केलेले प्रयोग शोधले तर जगभरातनं मिळून त्यांच्या निकषात बसले फक्त सहा! त्यातनं निघालं एवढंच की गोळीच्या पाण्यात भिजवणं, एन्झाइमच्या पाण्यात ठेवणं, पेस्ट लावून ब्रश करणं, या सगळ्याचा काही न करण्यापेक्षा उपयोग होतो, पण यातलं कुठलं सरस हे ठामपणे सांगायला पुरावा तोकडा. बेल्जियममधल्या ल्युव्हेनच्या लोकांनी पुढं वृद्धाश्रमातल्या आजी-आजोबांच्या कवळ्यांवर काम केलं, रात्री कवळी कोरडी ठेवली, साध्या पाण्यात ठेवली, गोळीच्या पाण्यात ठेवली तर काय होतं, आणि त्यात रात्रभर गोळीच्या पाण्यात ठेवलेल्या कवळीवर थर कमी आणि कॅन्डिडाही कमी मिळाली. साधं पाणी त्यामानानं कच्चं पडलं. म्हणजे ग्लासात नुसतं पाणी घालून ठेवणाऱ्या आपल्या पिढ्यान्पिढ्यांच्या पद्धतीनं कवळी वाळत नाही, एवढाच फायदा. पण एक गोष्ट मला खटकते ती ही की बहुतेक प्रयोग पूर्ण कवळीवर झालेत. अर्ध्या कवळीवाले लोक एवढे असून त्यांच्या तारांचा विचार कमीच.

खरं तर अर्ध्या कवळीवाल्याला जास्त घोर पाहिजे. पूर्ण कवळीवाल्याचं तोंडातलं दाताचं दुखणं संपलेलं असतं, गमावायला काही उरलेलं नसतं. इथं तार ज्या दाताला धरते तो दात जिवंत आहे, आणि तारेखाली साठलेल्या थरात स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्ससारखे कीड लावणारे जंतू आरामात राहतात. तारेचा दातच पुढं किडतो, त्याचीच हिरडी सुटते, मग तो काढला की कवळी धरायला आधार नाही, नवीन कवळी, नवीन दाताला तार. एकेक खांब काढत जायचं. आणि गोळी तर ग्लासात आहे, तोंडातला दात धुवायला ती येणार नाही. कवळी काढल्यावर खऱ्या दातांना, मुख्यतः तारेच्या दाताच्या मागच्या बाजूला, स्वतः ब्रश मारायला लागतो. हे आत्याला पटवायला सगळ्यात अवघड गेलं. तिचं म्हणणं, "आगं पोरी, दात हायती का द्याव, रोज आंगुळ घालाय?"

ब्रशचं एक आहे. दात घासायची टूथपेस्ट लावून कवळी घासू नये, पेस्टमध्ये बारीक खरखरीत कण असतात, दाताच्या एनॅमलला ते चालतात पण ऍक्रिलिक, म्हणजे कवळीचं ते गुलाबी प्लास्टिक, त्याच्यापेक्षा फार मऊ, त्याच्यावर ओरखडे उठतात आणि त्या ओरखड्यांत जंतू अजून घट्ट बसतात. मिशरी आणि कोळशाची पावडर तर बोलायलाच नको. हात धुवायचा लिक्विड साबण किंवा भांड्याचं लिक्विड थेंबभर, मऊ ब्रश, आणि तारेच्या आतनं फिरवायला तो दातांच्या फटीत घालायचा बारीक गोल ब्रश, इंटरडेंटल म्हणून मेडिकलला मिळतो. आत्याच्या तारेतली रेघ शेवटी त्या बारक्या ब्रशनंच निघाली, गोळीनं नाही. आणि हे सगळं बेसिनमध्ये खाली पाणी भरून किंवा नॅपकिन टाकून करायचं, ओली कवळी साबणानं सटकते आणि पडली की गेलीच. तारा घासताना दाबायचं नाही, वाकली तर घट्ट तरी होते नाहीतर ढिली.

आता आमच्याकडं सल्ले देणाऱ्यांची पण कमी नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या ब्लीचिंग पावडर टाका, सगळं मरतंय. हे सांगलीकरांना सांगायला नको, २०१९ च्या महापुरानंतर पाणी उतरलं तेव्हा गल्लोगल्ली ब्लीचिंग पावडरच मारली होती, तो वास आणि चिखल अजून नाकात आहे. आणि काकूंचं पूर्ण चूक पण नाही, सोडियम हायपोक्लोराइट म्हणजे ब्लीच हा जंतू मारण्यात गोळीपेक्षा जोरकस आहे, थरसुद्धा विरघळवतो. अमेरिकेतल्या प्रोस्थोडॉन्टिस्ट, म्हणजे कवळ्या-दात बसवणाऱ्या डॉक्टर लोकांच्या २०११ च्या मार्गदर्शनात पूर्ण कवळीसाठी तो दहा मिनिटांपेक्षा जास्त नको असं लिहिलंय. पण आत्याच्या कवळीला तारा आहेत. धातूला क्लोरिन खातं, काळं पडतं, खड्डे पडतात, आणि कोबाल्ट-क्रोमची महागातली कास्ट पार्शल, म्हणजे ओतीव धातूची अर्धी कवळी, असेल तर पैसे पाण्यात. वर गुलाबी रंग उडतो तो वेगळाच. तारवाल्यांनी गोळी वापरायची ती ह्याच कारणानं, ती सगळ्यात जहाल आहे म्हणून नव्हे तर धातूला त्यामानानं सोसते म्हणून, आणि तरीसुद्धा पाकिटावर धातूच्या कवळीला चालते का ते वाचूनच घ्यावी. दुसऱ्या एकानं मायक्रोवेव्हमध्ये घालायला सांगितलं. तारेची कवळी मायक्रोवेव्हमध्ये! उकळतं पाणी पण नको, ऍक्रिलिक वाकडं होतं, मग बसत नाही, आणि न बसणारी कवळी हिरडीला घासून जखमा करते.

गोळीचं पाणी संपल्यावर अजून एक तंटा. आत्या म्हणे, "एवढं चांगलं निळं पाणी वतून टाकतीस व्हय, उद्याला चाललं की." तिच्या पिढीला पाणी टाकवत नाही हे मला समजतं. पण पेरॉक्साइडचा जोर काही तासांत ओसरतो, दुसऱ्या दिवशी त्या ग्लासात उरतो तो रंग, वास आणि कालची घाण. रोज नवीन पाणी, नवीन गोळी, आणि ग्लास पण घासायचा, त्याच्या तळाशीपण थर धरतोच.

आणि तो ग्लास ठेवायचा कुठं हे बघून ठरवा. ओळखीच्या एका घरात आजोबांनी ओट्यावर ठेवलेला ग्लास पाहुण्यानं उचलला, पाण्यात फसफसतंय म्हणजे ऍसिडिटीचंच औषध असणार म्हणून, तोंडाला लावणार तेवढ्यात आतले दात दिसले. सगळे हसले, पण हसण्यासारखं नाही ते. यातल्या परसल्फेटची काहींना ऍलर्जी असते, आणि अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या अन्न-औषध खात्यानं, २००८ मध्ये अशा गोळ्यांबद्दल इशारा दिला तेव्हा त्यांच्याकडं ७३ गंभीर रिऍक्शनच्या तक्रारी होत्या, त्यात एक मृत्यूपण. काहींनी ती गोळी चघळली होती, गिळली होती किंवा त्या पाण्यानं गुळण्या केल्या होत्या. गोळी वर्षानुवर्षं वापरून मग एक दिवस रिऍक्शन येऊ शकते. अंगावर पुरळ, श्वासाला त्रास, हिरडी सुजणं असलं काही दिसलं की बंद. आणि बाहेर काढलेली कवळी वाहत्या पाण्याखाली चांगली खळखळून मगच तोंडात. घरात विसरभोळं माणूस असेल तर गोळ्यांचं पाकीट औषधांच्या डब्यात अजिबात नको, कारण गोळी दिसली की आपल्याकडं ती पाण्याबरोबर घ्यायचीच असते.

खरं भांडण झालं ते रात्रीवरनं. डॉक्टरांनी सांगितलेलं की झोपताना काढायची. आत्या काढत नव्हती. तिला विचारलं तर म्हणे सवय झालीय, झोप लागत नाही, एक ना दोन. खरं कारण ती एकदा बोलून गेली. "जावाय असतुय, पोरं असत्याती, रातचं कुणी उठलं आन् माझं तसलं तोंड बगितलं म्हंजी?" पदर तोंडाला लावून हसायची सवय तिला दात गेल्यावर लागली ती दात बसवल्यावर पण गेली नाही. जंतू, थर, टक्के हे सगळं एका बाजूला, आणि ही लाज एका बाजूला, आणि मला वाटतं बहुतेक घरांत कवळी अस्वच्छ राहण्याचं कारण गोळी महाग हे नसून हेच असतं. एकच हॉल, सहा अंथरुणं, माणसानं दात काढून ठेवायचे कुठं?

मी तिला टोकियोचा अभ्यास सांगितला. २०१५ मध्ये छापून आलाय, ८५ वर्षांच्या पुढच्या ५२४ जणांवर तीन वर्षं लक्ष ठेवलं, तर कवळी घालून झोपणाऱ्यांत न्यूमोनियाचं प्रमाण सव्वादोन पटीच्या आसपास निघालं. त्यांच्या जिभेवर, कवळीवर थर जास्त, कॅन्डिडापण जास्त. कवळीनंच न्यूमोनिया झाला असं काही त्यातनं सिद्ध होत नाही, रात्री न काढणारा माणूस बाकी तब्येतीची पण हेळसांड करत असेल. पण झोपेत लाळ थोडी थोडी श्वासात जाते, म्हाताऱ्या माणसात जास्त, आणि त्या लाळेत काय आहे ते कवळीवर ठरतं, हे पटण्यासारखं आहे. शिवाय रात्रभर झाकलेल्या हिरडीला लाळ लागत नाही, लाळच तर तोंडाची रोजची धुणीवाली. कॅन्डिडानं कवळीखाली लाल झालेली जागा बऱ्याचदा दुखतसुद्धा नाही, माणसाला पत्ताच नसतो, डॉक्टरांनी कवळी उचलून बघितली की कळतं. औषधाचं जेल लावून बरं होतं आणि कवळी तशीच घाण असली की परत येतं.

आत्यानं हे सगळं ऐकून घेतलं आणि कवळी घालूनच झोपली.

तिला पटलं ते वेगळ्याच गोष्टीनं. अर्धी कवळी लहान असते, झोपेत सुटून घशात जाऊ शकते, तारेचं टोक अडकतं, आणि नुसतं ऍक्रिलिक एक्स-रेत नीट दिसत पण नाही, तार दिसली तर नशीब. हे मी जरा रंगवून सांगितलं. मग पटलं. फक्त उघड्या ग्लासाला तिची हरकत होती, तर झाकणाची डबी आणली, प्लास्टिकची, आत जाळी असलेली. आता ती दिवा घालवायच्या आधी बाथरूममध्ये जाते, ब्रश मारते (तारेच्या आतनं मारते का हे मी विचारत नाही, सकाळी बघते), गोळी टाकून डबी बंद करते आणि स्वतःच्या ट्रंकेत ठेवते. कुलूप लावते का ते माहीत नाही, पण ट्रंकेचा आवाज येतो.

एक गोष्ट गोळीला आणि ब्रशला दोघांनाही जमलेली नाही. खालच्या पुढच्या दातांच्या मागं जिभेच्या बाजूनं, जिथं लाळेच्या ग्रंथी उघडतात, तिथं कवळीच्या कडेला कडक पांढरा खडा धरलाय. थर वेळेत निघाला नाही की लाळेतलं कॅल्शियम त्यात बसून दगड होतो, मग तो कुठल्या टक्क्यात मोजत नाहीत. नखानं, सुरीनं उकरायचा नाही. कॉलेजात अल्ट्रासॉनिक मशिनमध्ये टाकून काढून देतात. काम कवळीचंच आहे, आत्याला उन्हातनं कशाला हलवा, डबी घेऊन मी एकटीच जाऊन येते म्हणलं तर आत्या म्हणाली, माझं दात मी तुझ्यासंगं एकलं पाठवत नसती, साडी बदलून येती, थांब.